दिवसा दिसलेले खवले मांजर

मंडळी, आजचा धडा एका मुक्या जिवाचा आहे. सावकाश वाचा. एखाद्या शब्दावर अडखळलात तर शेजाऱ्याला विचारा, पण धडा पुरा करा. कारण या धड्यातले काम उद्या तुमच्याच धुऱ्यावर निघू शकते.

१. माझी चूक

गोष्ट १९८८ सालची आहे. मी तेव्हा नवा मास्तर होतो. थंडीचे दिवस होते. धान कापून झाले होते. बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला चार पोरे धापा टाकीत शाळेत आली.

"गुरुजी, चला जी! बांधीत मगरीचं पिल्लू निघालं!"

मी गेलो. पाहतो तर धुऱ्याच्या कडेला नारळाएवढा एक गोळा. त्याच्यावर खवलेच खवले. मगरीचे पिल्लू नव्हे, ते खवले मांजराचे पिल्लू होते. गोळा थोडा उकलला तेव्हा त्याचे पोट दिसले. ते पाठीला लागले होते. मागच्या पायांजवळ खळगे पडले होते. त्याला धड चालताही येत नव्हते.

आम्हाला मोठा आनंद झाला. टोपल्यात घालून त्याला शाळेत आणले. पायाला सुतळी बांधली. मग काय, सारी शाळा लोटली. कोणी बोट लावले, कोणी काडीने टोचले, कोणी उलगडून पाहिले. मला दया आली. मी घरून वाटीभर दूध आणले. ते पीत नव्हते. मी कापडाची वात करून थेंब थेंब तोंडात सोडले. एका पोराने कालवलेला भात आणला. तोही त्याच्या तोंडाला लावला. सायंकाळी त्याला जुलाब सुरू झाले. रात्री आम्ही त्याला ओसरीत टोपल्याखाली ठेवले, वर दगड ठेवला आणि घरी गेलो.

सकाळी टोपले उचलले. पिल्लू ताठ झाले होते.

एका पोराने मला विचारले, "गुरुजी, आपण तर त्याले दूध पाजलं. मंग ते कायले मेलं जी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. "त्याचे आयुष्य तेवढेच," असे मी म्हणालो. ते उत्तर खोटे होते. ते आमच्या हाताने मेले होते. आमच्या मनात दया होती, पण डोक्यात ज्ञान नव्हते. पुढे मी पुस्तके वाचली, जंगल खात्याच्या माणसांना विचारले आणि थोडेफार शिकलो. त्या पोराला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणजेच हा धडा.

२. हा प्राणी कोण?

नाव खवले मांजर. पण ते मांजर नव्हे. मासा नव्हे, सरडा नव्हे, मगरही नव्हे. गाय, कुत्रा, माणूस यांच्यासारखाच तो सस्तन प्राणी आहे. म्हणजे मादी पिल्लाला दूध पाजते. बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीवर बसून फिरते. भीती वाटली की आई पिल्लाला पोटाशी घेते आणि स्वतः त्याच्याभोवती गुंडाळून बसते.

जगात याच्या आठ जाती आहेत. चार आशियात, चार आफ्रिकेत. आपल्या देशात दोन जाती सापडतात. ईशान्येकडे एक आणि इतर भागात दुसरी. आपल्याकडची ती ही दुसरी जात. पूर्ण वाढलेल्या जनावराचे वजन साधारण दहा ते सोळा किलो भरते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी तीन ते चार फूट.

त्याच्या तोंडात एकही दात नसतो. मग ते खाते काय? मुंग्या आणि वाळवी, जिला आपण उधई म्हणतो. पुढच्या पायांना कुदळीसारखी नखे असतात. त्यांनी ते वारूळ फोडते. मग लांब, चिकट जीभ आत घालते. जिभेला मुंग्या चिकटतात. त्या ते तशाच गिळते. चावण्याचे काम पोट करते. पोटात गेलेले बारीक खडे आणि वाळू हे अन्न भरडतात. जाते पोटात असल्यासारखेच म्हणा ना!

आता आमच्या वाटीभर दुधाचा विचार करा. मुंगी खाणाऱ्या पोटात आम्ही गाईचे दूध आणि भात ओतला. ते पचणार कसे?

३. रात्रीचा जीव दिवसा का दिसतो?

खवले मांजर दिवसा बिळात झोपते आणि रात्री बाहेर पडते. म्हणून आपल्या शिवारात ते असूनही जन्मभर दिसत नाही. आपला आसगावचा चौरास पट्टा धानाचा. पण उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे अभयारण्य काही दूर नाही. २०१२ साली ते घोषित झाले. नाल्याकाठी झुडपे आहेत, वारुळे आहेत. जंगलातला प्राणी आपल्या बांधीत यायला वेळ लागत नाही.

पण हा प्राणी भर दिवसा उघड्यावर दिसला, तर समजावे की बहुधा काहीतरी बिघडले आहे. कारणे अशी :

ते उपाशी आहे. रात्रभर फिरूनही त्याचे पोट भरले नाही.

ते जखमी आहे. फाशाची तार लागली, गाडीचा धक्का बसला किंवा कुत्र्यांनी घेरले.

त्याचे बीळ गेले. कोणी जमीन खोदली, कोणी वणवा लावला.

उन्हाळ्यात ते पाण्यासाठी निघाले.

किंवा ते आईपासून चुकलेले पिल्लू आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. दिवसा दिसले म्हणजे लगेच उचलायचे, असे नाही. ते नीट चालत असेल, झुडपाकडे जात असेल, अंगावर जखम नसेल, तर त्याला जाऊ द्या. दुरून पाहा, कुत्री आवरा. पण ते झोकांड्या देत असेल, एकाच जागी पडून असेल, खंगलेले दिसत असेल, रक्त येत असेल, किंवा एकटे लहान पिल्लू असेल, तर त्याला मदतीची गरज आहे.

४. दूरच्या देशातील एक उदाहरण

ही चूक काही आपणच केली असे नाही. इंग्लंडात एक लहान प्राणी आहे. अंगावर सायाळीसारखे काटे, पण आकार एवढासा की ओंजळीत मावेल. तिकडे त्याला हेजहॉग म्हणतात. त्याचे भाऊबंद आपल्या देशात राजस्थान, गुजरातच्या कोरड्या भागात आहेत. हाही रात्रीचा प्राणी, किडे खाणारा आणि भ्यायला की गोळा होणारा.

तिकडे हिवाळा कडक असतो. त्या दिवसांत हेजहॉग पाला गोळा करून त्यात महिनोन् महिने झोपतो. झोपण्याआधी त्याचे वजन साधारण अर्धा किलो तरी असावे लागते. अंगावर चरबी नसेल तर तो झोपेतच मरतो. म्हणून उशिरा जन्मलेली, हडकुळी पिल्ले थंडीच्या तोंडावर भर दिवसा अन्न शोधताना दिसतात.

तिकडचे लोकही दयाळू. ते अशा पिल्लांपुढे दूध-पाव ठेवीत. वर्षानुवर्षे हाच रिवाज होता. पण त्या दुधाने त्यांना जुलाब होत, आणि आधीच दुबळे झालेले पिल्लू मरे. पुढे जाणत्यांनी लोकांना शिकविले. १९८२ साली या प्राण्याच्या रक्षणासाठी तिकडे एक संस्थाच निघाली. आता तिकडची शाळकरी पोरेही सांगतात की दूध देऊ नका. खोक्यात ठेवा, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवा, प्यायला साधे पाणी द्या आणि जाणत्या माणसाला बोलवा.

यातून आपण दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की गारठलेल्या जिवाला आधी ऊब द्यावी, अन्न मागाहून. थंड पडलेल्या शरीराला अन्न पचत नाही. दुसरी ही की प्रत्येक जिवाचे अन्न वेगळे. हेजहॉगला मांजराचे मांसाचे खाणे चालते. खवले मांजराला तेही चालत नाही.

५. काय करावे?

आता कामाची गोष्ट. हे सहा नियम मोठ्याने वाचा.

पहिला नियम. गर्दी हटवा. कुत्री दूर हाकला. पोरांना मागे ठेवा. आरडाओरड बंद. हा प्राणी भीतीनेच अर्धा मरतो.

दुसरा नियम. ताबडतोब कळवा. महाराष्ट्राच्या वन विभागाचा मदतीचा फोन क्रमांक १९२६ आहे. एक, नऊ, दोन, सहा. चारच आकडे आहेत, पाठ करा. आपल्या भागाच्या वनरक्षकाचा क्रमांकही घरात भिंतीवर लिहून ठेवा. कोणता गाव, कोणते शेत, केव्हा दिसले, जखम कुठे आहे, हे नीट सांगा.

तिसरा नियम. ते सुरक्षित जागी असेल तर वनरक्षक येईपर्यंत हलवू नका. दुरून पहारा द्या. रस्त्यावर असेल, उन्हात असेल किंवा कुत्री सोडत नसतील, तरच उचला. जाड पोते किंवा घोंगडी टाकून, गोळा झाला असेल तसाच दोन्ही हातांनी खालून धरा. खवल्यांच्या कडा धारदार असतात. गोळ्याच्या आत बोट घालू नका, चिमटेल.

चौथा नियम. मजबूत लाकडी पेटीत किंवा मोठ्या पिंपात ठेवा. वरून झाका, पण हवेला जागा ठेवा. टोपले कामाचे नाही. त्याच्या नखांपुढे बांबूच्या कामट्या टिकत नाहीत. खाली तणस किंवा कोरडे पोते टाका. अंधार आणि शांतता हेच त्याचे पहिले औषध.

पाचवा नियम. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. ऊब जास्त झाली तर त्याला दूर सरकता आले पाहिजे. उन्हाळा असेल तर गार सावलीत ठेवा.

सहावा नियम. उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवा. ते पिवो की न पिवो, तोंडात ओतू नका. पाणी श्वासनळीत गेले तर जीव जातो. काम झाल्यावर आपले हात साबणाने धुवा.

६. काय करू नये?

दूध, भात, भाकरी, अंडे काहीही देऊ नये. शेपटी धरून उचलू नये. गोळा उलगडून पाहू नये. पायाला दोरी बांधू नये. खवल्यांखाली गोचिड दिसले तरी उपटू नये, ते काम डॉक्टरांचे. तार रुतली असेल तर आपण ओढून काढू नये.

मोबाइलवर फोटो काढून गावाच्या नावासह चारी दिशांना पाठवू नये. तो फोटो चांगला माणूस पाहतो, तसा शिकारीही पाहतो.

आणि घरात पाळू तर मुळीच नये. जाणकारांनासुद्धा हा प्राणी पिंजऱ्यात जगविणे कठीण जाते. ओडिशात नंदनकानन येथे त्यासाठी खास केंद्र उभारावे लागले. तेथे हे काम शिकलेली माणसे करतात. आपल्या गोठ्यात ते कसे जमणार? जखमी प्राण्यासाठी नागपूरला सेमिनरी हिल्स भागात वन विभागाचे उपचार केंद्र आहे. ते २०१५ साली सुरू झाले. आपले काम त्याला जाणत्यांच्या हाती सुखरूप देण्याचे.

७. खवल्यांचा खोटा बाजार

कोणी म्हणतो खवल्याची अंगठी घातली की बाधा होत नाही. कोणी म्हणतो खवले उगाळून घेतले की रोग जातो. मंडळी, आपल्या बोटाचे नख पाहा. ते ज्या पदार्थाचे बनले आहे, त्याच पदार्थाचे खवले बनले आहेत. नख उगाळून प्यायल्याने कोणी बरा झालेला पाहिला आहे काय? मग खवल्याने कसा होईल?

पण या खोट्या समजुतीपायी या प्राण्याची मोठी कत्तल झाली. चोरून विकल्या जाणाऱ्या रानटी सस्तन प्राण्यांत याचा क्रमांक फार वरचा आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे अनेक देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांनी आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. खवल्यांची सर्वांत मोठी मागणी चीनमध्ये. पण २०२० साली त्या देशानेही आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढून टाकले.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत खवले मांजराचे नाव आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच याला. याला मारले, पकडले, विकले तर तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. "मी फक्त पत्ता सांगितला," ही सबबही चालत नाही. दुसरी गोष्ट, असा प्राणी तुमच्या ताब्यात आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. मदत म्हणून ठेवले असले तरी कळविलेच पाहिजे. खरे तर अठ्ठेचाळीस तास वाट पाहूच नये. पहिल्याच तासात कळवावे.

कोकणात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था या प्राण्यासाठी गावोगाव काम करते. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने तर खवलोत्सव केला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून ग्रामदेवतेच्या देवळात मिरविली. ज्याला लोक मारीत, त्यालाच गावाने मान दिला.

८. वर्गातल्या बाईची गोष्ट

आता शेवटची गोष्ट. ही २०२२ सालची. पावसाळा सरत आला होता. आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत असत. मोलमजुरी करणाऱ्या. मुलगी नर्सिंग शिकते, तिची फी भरायची होती. त्या विवंचनेत बाई होत्या.

एके सकाळी त्यांच्या गोठ्यात तणसाच्या ढिगाआड एक खवले मांजर दिसले. हाडे वर आलेली. ते हलत नव्हते. बाईंनी आरडाओरड केली नाही. गोठ्याचे दार लावून घेतले. पण कशी कोण जाणे, बातमी फुटली. तासाभरात बाहेरगावचा एक माणूस मोटारसायकलवर आला.

"बाई, वीस हजार देतो. आत्ता, रोख. कोणाले काही सांगायचं नाही."

मंडळी, वीस हजार म्हणजे त्या घराची कितीतरी महिन्यांची मजुरी! बाईंनी त्याला सांगितले, "थांबा जी, मी घरच्यांना विचारून येतो." आणि मागच्या दाराने सरळ माझ्याकडे आल्या. आम्ही १९२६ ला फोन लावला. वनरक्षकालाही कळविले. मी दोन जाणती माणसे घेऊन गोठ्यापुढे जाऊन बसलो. आम्हाला पाहून तो माणूस मोटारसायकल फिरवून निघून गेला.

वन विभागाची माणसे आली. त्यांनी ते पेटीत घातले आणि तोलले. पूर्ण वाढलेले जनावर, पण वजन भरले सहा किलो! पुढच्या पायात फाशाची तार रुतून बसली होती. पाय सुजला होता. आता कळले ना, ते दिवसा का आले? पायाने खोदता येईना. खोदता येईना म्हणून खायला मिळेना. खायला मिळेना म्हणून रात्र संपली तरी ते भटकत राहिले.

जाण्याआधी पंचनामा झाला. वनरक्षकाने शाईची डबी पुढे केली. बाई म्हणाल्या, "शाई नको, पेन द्या जी." आणि त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. सरकारी कागदावर अंगठ्याऐवजी सही करण्याची ती त्यांची पहिली वेळ. अक्षर वाकडे आले. पण वाचता येत होते.

काही आठवड्यांनी वनरक्षकाचा निरोप आला. पाय बरा झाला होता, वजन वाढले होते. रात्रीच्या वेळी त्याला जंगलात सोडले. पेटीचे दार उघडताच ते मागे न पाहता झुडपात शिरले.

मी बाईंना एकदा विचारले, "तुम्हाला मोह झाला नाही का?"

त्या म्हणाल्या, "झाला जी, खोटं कायले बोलू? रात्रभर झोप नाही आली. पण बिमार होऊन माझ्या दारी आलं होतं ते. दारी आलेल्याले विकतेत का कोणी?"

मुलीची फी त्यांनी धानकापणीच्या मजुरीतून दोन हप्त्यांत भरली.

१९८८ साली मी मॅट्रिक झालेला मास्तर होतो. तरी माझ्या हाताने पिल्लू मेले. २०२२ साली जिला नुकती अक्षरओळख झाली होती, त्या बाईच्या हाताने एक जीव वाचला. तेव्हा शिकणे म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. काय करावे हे कळणे, आणि कळलेले वेळेवर करणे, हे खरे शिकणे होय.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. शाळेतले पिल्लू का मेले? गुरुजींच्या तीन चुका लिहा.
२. खवले मांजर भर दिवसा दिसण्याची कोणतीही तीन कारणे सांगा.
३. कोणत्या वेळी त्याला उचलू नये?
४. वन विभागाच्या मदतीचा क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत लिहा.
५. खवल्याचे औषध होते असे तुमच्या शेजाऱ्याने म्हटले, तर तुम्ही त्याला काय सांगाल?
६. बाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? घरात सर्वांनी मिळून बोला. मग चार ओळी लिहून आणा.